नाताळ, भरलं घर आणि दोन वर्षांचं पोर

नाताळात गोव्याची मावशी चोर्ला घाटातून येते, खानापूरचे काका येतात आणि बेळगावच्या दोन खोल्यांत पंधरा माणसं होतात. बाळाला आधी एक कोपरा राखून ठेवा: आतली खोली, त्याची गोधडी, दुपारी एक ते तीन दार बंद. पाहुणे रुसतील, रुसू द्यात.

मध्यरात्रीच्या मिस्साचा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचा, हट्ट नको. डिसेंबरातली इथली थंडी आणि झोपमोड, दोन्ही अंगाशी येतात. 25 ला सकाळच्या मिस्साला जा, दाराजवळच्या बाकावर बसा. रडलं की पटकन बाहेर.

खरी काळजी फराळाच्या ताटाची. आज्जी लाडानं अख्खा काजू तोंडात घालतेच. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे काजू, बदाम, शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. कडक कलकलं (नाताळचे तळलेले गोड शिंपले) दुधात बोटानं चुरगळतील इतकी भिजवा. दोदोल हा नारळ-गुळाचा हलवा चिकट, तो मोठ्यांनाच. द्राक्षं उभी चिरा, चार फोडी करून. आज्जीला तोंडी सांगून उपयोग नाही, बाळाची वाटी वेगळी काढून तिच्याच हातात द्या. भरवायचा मान तिचा राहतो.

भेट आलेली गाणारी खेळणी, लुकलुकणारे दिवे आधी उलटे करून बघा. बटणासारखा सेल असेल आणि झाकणाला स्क्रू नसेल, तर ते वर कपाटात. तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा, उलटी करवू नका.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यातली बारकी मेंढरंसुद्धा उंचावरच बरी. आमच्याकडे एकाचे कान चघळून झालेत.