पॉलिश पेपरने कुऱ्हाडीला धार लावायची? आधी हे सगळं जवळ घेऊन बसा

कुऱ्हाडीला धार लावायला दगडच पाहिजे असं काही नाही, साध्या पॉलिश पेपरवर मस्त धार येते, फक्त काम सुरू करायच्या आधी सगळं सामान जवळ मांडून ठेवा. एकदा हात ओले आणि काळे झाले की उठून काही शोधायचा कंटाळा येतो, मग माणूस मधली एखादी पायरी गाळतो आणि धार अर्धवट राहते.

पहिलं म्हणजे कुऱ्हाड नीट बघून घ्या. दांडा घट्ट धरून पातं हलतंय का बघा, हलत असेल तर धारेचं नंतर, आधी पाचर नीट बसवा, दांड्याला तडा असेल तर दांडाच बदला. मग धार उजेडाकडे करून सरळ समोरून बघा, जिथे चकचकीत रेघ दिसते तिथे बोथट आहे, कारण खऱ्या धारेवरून उजेड परत येतच नाही. धारेत मोठ्या खाचा पडल्या असतील तर पेपरच्या नादी लागू नका, पेपर संपतील पण खाच जाणार नाही, तिथे कानस लागते. आणि प्लीज, घाईत ग्राइंडर लावू नका. धारेजवळ पातं इतकं पातळ असतं की काही सेकंदांत तापतं, 300 डिग्रीच्या आसपास पोचलं की निळं पडतं आणि तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो, मग कितीही घासा, ती धार टिकत नाही.

आता पेपर. लाकडासाठीचा तपकिरी पेपर नको, काळा वॉटर पेपर घ्या, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा, पाण्यात भिजवला तरी फाटत नाही. हा प्रकार 1921 मध्ये थ्रीएम या अमेरिकन कंपनीने बाजारात आणला, गाड्या घासताना धूळ उडू नये म्हणून, आणि आपल्यालाही तो तेवढ्यासाठीच हवा, पाण्यामुळे लोखंडाची पूड उडत नाही आणि पेपर लवकर भरत नाही. नंबर 120, 220, 400, 600 आणि 1000 एवढे पुरेत (नंबर जितका मोठा तितका पेपरचा दाणा बारीक), फार बोथट नसेल तर थेट 220 पासून सुरू करा. नुसती जळणाची लाकडं फोडायची असतील तर 400 वर थांबलात तरी चालतं. पेपरच्या मागे नंबरआधी पी आहे का तेही बघा, कारण पी 400 चा दाणा साधारण 35 मायक्रॉनचा असतो पण अमेरिकन मापातला जवळपास तेवढाच दाणा 320 म्हणून विकला जातो, दोन्ही मिसळले की क्रम चुकतो. प्रत्येक नंबरच्या दोन-तीन पट्ट्या आधीच कापून ठेवा.

पण खरं सांगू का, पेपरपेक्षा पेपरच्या खाली काय आहे ते जास्त महत्त्वाचं, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. कडक लाकडावर किंवा काचेवर पेपर लावला तर धारेची बाजू सपाट होते, रंध्याच्या पात्याला ते ठीक आहे, पण कुऱ्हाडीला धारेजवळ थोडी फुगीर, गोलसर बाजू लागते, मागे लोखंडाची जाडी असली तरच ती लाकडात आपटायचा मार सोसते. म्हणून हातात मावेल असा लाकडी ठोकळा घ्या आणि त्याला जुन्या माउस पॅडचा तुकडा चिकटवा, वर पेपर गुंडाळा. रबर जरासं दबतं आणि पेपर आपोआप त्या गोलाईवर बसतो. जोर लावू नका, जास्त दाबलं की रबर धारेवर वळतं आणि पेपर धारच गोल करून टाकतो.

कुऱ्हाड पक्की बांधायची सोय करा, व्हाइस असेल तर उत्तम, नसेल तर क्लॅम्पने टेबलाच्या कडेला आवळा, धार बाहेर काढून. मांडीवर किंवा एका हातात धरून अजिबात नाही. ठोकळा पात्याकडून धारेकडे ओढायचा आणि धारेवरून सोडायचा, परत येताना उचलायचा, धारेकडून पात्याकडे उलटा ढकललात तर पेपर तर कापतोच, शिवाय बोटं धारेवर जातात. बोटं ठोकळ्याच्या वरच ठेवा, कडेने खाली लोंबू देऊ नका. जाड ग्लोव्हज घाला आणि पट्टी, स्वच्छ कापड हाताशी असू द्या.

एक काळा परमनंट मार्कर नक्की घ्या, याच्याशिवाय मी सुरूच करत नाही. धारेच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा काळा करा, चार-पाच हात मारा आणि बघा. शाई मागून गेली पण अगदी धारेवर तशीच आहे, तर ठोकळा जरा उचला, फक्त धारेवरची गेली तर जरा पाडा. साधारण प्रत्येक बाजूला 20 ते 25 अंश, पण अंश मोजत बसू नका, शाईवर भरवसा ठेवा. पातं कमानदार असतं, त्यामुळे दोन्ही टोकांकडे जाताना मनगट वळवत जा, टोकंच सगळ्यात जास्त राहून जातात.

थोडा कापूसही घेऊन ठेवा. एका बाजूने पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला लोखंडाची बारीक खरखरीत कोर वळते, कापूस पात्याच्या मागून धारेकडे हलका फिरवला की तो तिथे अडकतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे अडकला की मगच बाजू बदला, आणि दुसऱ्या बाजूनेही तशीच कोर येईपर्यंत पुढचा नंबर नको, हा नियम पहिल्या पेपरला तर मोडूच नका, कारण नंतरचे पेपर फक्त आधीचे ओरखडे पुसतात, राहिलेली धार काढत नाहीत.

बाकी वाटीभर पाणी, दोन फडकी, शेवटी कोर उतरवायला जुना चामड्याचा पट्टा, त्यावर पॉलिशची वडी घासून दोन्ही बाजू आळीपाळीने धारेच्या उलट दिशेने ओढायच्या. मग पातं पुसून पूर्ण कोरडं करा, पाण्याने काम केलंय म्हणजे गंज लगेच धरतो, तेलाचा बोळा फिरवा आणि धारेवर घालायचं कव्हर किंवा जाड चामड्याचा तुकडा आधीच शोधून ठेवा.