ग्रुपवर मुलाचा छळ होतोय? आधी पुरावा, मग ब्लॉक

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एका मुलाचा जांभई देतानाचा फोटो कापून स्टिकर बनवतो. पहिल्या दिवशी सगळे हसतात, तो मुलगाही हसतो. आठवडाभरात त्याने गृहपाठाचं काही विचारलं तरी खाली तोच स्टिकर दहा वेळा पडतो. मग त्याला वगळून दुसरा ग्रुप निघतो. ही थट्टा की छळ, हे ओळखायला तीन गोष्टी पाहा: पुन्हा पुन्हा होतंय का, ‘बस कर’ म्हटल्यावर थांबतंय का, आणि उलट उत्तर द्यायची त्याची सोय उरली आहे का.

बहुतेक मुलं घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की फोन जाणार. म्हणून पहिलं वाक्य हेच: “सांगितलंस ते बरं केलंस. फोन तुझ्याकडेच राहील.” आणि ते पाळा.

यानंतर क्रम महत्त्वाचा. घाईत आधी ब्लॉक करून चॅट उडवणं ही नेहमीची चूक. व्हॉट्सॲपवर पाठवणारा साधारण अडीच दिवसांपर्यंत मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो आणि इन्स्टाची स्टोरी २४ तासांत जाते, त्यामुळे पुरावा त्याच संध्याकाळी जमवा. स्क्रीनशॉटमध्ये नंबर किंवा युजरनेम, तारीख, वेळ आणि आधीचे दोन-चार मेसेज दिसले पाहिजेत. नुसता शिवीचा तुकडा कापला तर ‘सुरुवात त्यानेच केली’ म्हणायला वाव राहतो. सेव्ह केलेल्या नावाने काम भागत नाही, नंबर उघडून त्याचाही फोटो घ्या. इन्स्टावर प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. स्नॅपचॅट स्क्रीनशॉटची खबर समोरच्याला देतं, तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढा. मूळ चॅट आणि मूळ फोन जपा, फॉरमॅट मारू नका.

अपवाद एकच, पण मोठा. १८ वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा नग्न फोटो असेल, मग तो मॉर्फ केलेला, म्हणजे चेहरा जोडून बनवलेला का असेना, तर स्क्रीनशॉट नको आणि ‘बघा हो काय चाललंय’ म्हणून शिक्षकांना फॉरवर्ड तर मुळीच नको. असा मजकूर बाळगणं आणि पसरवणं यावर २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, शिक्षा आहे. लिंक, खात्याचं नाव आणि वेळ कागदावर लिहा आणि पोलिसांकडे जा. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवाही वापरा: फोटो तुमच्याच फोनवर राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा या सेवेत सामील कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या आपल्याकडची प्रत शोधतात.

पुरावा झाला की रिपोर्ट. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना ब्लॉक करून चॅट डिलीट करण्याचा पर्याय येतो. त्यावर टिक असेल तर आधी काढा. ग्रुपचा ॲडमिन कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो, त्याला स्पष्ट सांगा. उद्या त्याच बाकावर बसायचं असेल तर इन्स्टावर ब्लॉकपेक्षा ‘रिस्ट्रिक्ट’ बरं: छळणाऱ्याची कमेंट त्याची त्यालाच दिसते, मेसेज रिक्वेस्टमध्ये पडतो आणि त्याला पत्ता लागत नाही. ब्लॉक केलं की मात्र वर्गात त्याचाच नवा विषय होतो.

शाळेत तोंडी बोलून येऊ नका. तारखांसह अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर ‘आपसात मिटवा’ म्हणायची मुभा शाळेलाही नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. खोटं खातं, धमकी किंवा फोटोवरून ब्लॅकमेल असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांसाठीच्या विभागात तक्रार करा, किंवा थेट पोलीस ठाण्यात जा. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. ब्लॅकमेलमध्ये पैसे गेले असतील तर तो लगेच फिरवा. मुलांची हेल्पलाइन १०९८. मूल जेवत-झोपत नसेल किंवा मरणाची भाषा करत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आधी, अर्ज नंतर. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका.

आधीच करून ठेवायच्या गोष्टी दहा मिनिटांच्या आहेत, आणि त्या मुलाच्याच हाताने करून घ्या. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत ग्रुप आणि प्रोफाइल फोटो ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर, इन्स्टा खातं प्रायव्हेट, टॅग फक्त ओळखीच्यांना. पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही नाही. भांडण झालं की पहिला घाव तिथूनच बसतो.

आणि स्टिकर बनवणारा आपलाच निघाला तर? त्याला मारून फोन फोडण्यात अर्थ नाही, पुरावाही जातो आणि बोलणंही बंद होतं. त्याला समोर बसवून स्टिकर डिलीट करायला लावा, ग्रुपवर ‘माझं चुकलं, पुढे पाठवू नका’ हे त्याच्याच शब्दांत लिहू द्या, आणि त्या मुलाच्या घरी तुम्ही स्वतः फोन करा.