ओलं चित्र आणि दोन शेपट्या

मी घरातल्याच एका खोलीत तैलचित्रं काढते आणि घरात दोन कुत्री आहेत. ॲक्रिलिक तासाभरात वाळतं. तैलरंगाला कित्येक दिवस लागतात आणि तेवढे दिवस घरातला प्रत्येक केस त्याच्यावरच येऊन बसतो.

आधी दार लावून काम करून पाहिलं. धाकटीनं बाहेरून दार खरवडून काढलं आणि माझं अर्धं लक्ष दाराकडेच. मग लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं फाटक बसवलं. मी दिसते, एवढ्यावर दोघांचं भागलं. आता फाटकाला नाक लावून घोरतात.

केसांसाठी झाडू बंद केला, त्यानं ते उलट उडतात. ओल्या फडक्यानं फरशी पुसायची, पंखा बंद ठेवायचा. ओला कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून, जरा पुढे झुकवून ठेवायचा. तरी केस चिकटलाच तर बोट लावू नका. चिमट्यानं एक टोक धरून अलगद उचला. माझ्या एका आभाळात अजून एक पिवळसर केस आहे. राहू दे.

खरी धास्ती तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची. ते पोटात गेलं तर कुत्र्याला विषारी. थोरल्यानं एकदा पाणी समजून वाटीत तोंड घातलं. नशीब, वासानंच शिंकून मागे सरला. त्या दिवसापासून घट्ट झाकणाचा डबा आणि तोही वरच्या फळीवर. कॅडमियम हा विषारी धातू असलेल्या रंगांच्या ट्यूब कपाटात. पंजाला रंग लागला की हातातलं काम टाकून आधी तो पुसते, नाहीतर तो चाटूनच साफ होतो.