सुरू लावू की उंडी? दर्याकडच्या बांधाचं आर्द्रातच ठरवा

आर्द्रा लागली, जमीन हातभर खोल भिजली, म्हणजे दर्याच्या बाजूला वारा अडवायला झाडं लावायची तर हेच पंधरा-वीस दिवस. दरवर्षी या टायमाला चार लोक तरी विचारतात, सुरू लावू की उंडी? दोन्ही दर्याकाठची झाडं, तेव्हा सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. मी दापोलीकडच्या केळशी-आंजर्ले पट्ट्यातला, आमचं नारळ-सुपारीचं आगर पुळणीपासून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यापासून, दोन गडगे (दगडी कुंपणं) आत, वर थोडी हापूसची कलमं, त्यामुळे जे सांगतोय ते या असल्या जागेपुरतं. घाटमाथ्यावरच्यांनी हा हिशोब लावू नये.

दोन्ही झाडं बारमाही हिरवी, दोन्ही खारं वारं सोसतात, साम्य इथे संपलं.

सुरू म्हणजे घाई असलेल्या माणसाचं झाड. पहिल्या पावसात लावलं की पुढच्या पावसात डोक्याच्या वर, चार-पाच वर्षांत माडाशी उंची मोजायला लागतं. आपण ज्याला सुया म्हणतो ती खरं तर पानं नव्हेतच, बारीक सांध्यासांध्यांच्या हिरव्या काड्या त्या, पानं म्हणजे त्या सांध्यावरची दातेरी कड. या काड्यांमधून वारा गाळून निघतो, आणि बागेला तेच हवं असतं. लोकांना वाटतं वारा ठार अडवला म्हणजे काम झालं, पण भिंतीसारखी गच्च आड केली तर वारा वरून उडी मारून पलीकडे भोवऱ्यासारखा आपटतो आणि सुपारी पिळवटून काढतो. निम्मा वारा जाऊ द्यायचा. अशी रांग असली की तिच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वारा मंदावतो, म्हणजे २५ फुटांची रांग असेल तर अडीचशे ते पावणेचारशे फूट आतपर्यंत फायदा.

शिवाय सुरूच्या मुळांवर गाठी असतात, त्यात फ्रँकिया नावाचा जीवाणू हवेतला नत्र पकडतो, म्हणून कोऱ्या वाळूतही ते हिरवंगार राहतं. नर्सरीतली रोपं पिवळट दिसत असतील तर जुन्या सुरूच्या बुंध्यातली ओंजळभर माती प्रत्येक पिशवीत टाका, फुकटचं औषध आहे.

मग अडचण कुठे? ३ जून २०२०, निसर्ग वादळ. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत काय झालं ते इथल्या कुणाला नव्याने सांगायला नको. आमच्या बांधावर चौदा सुरू होते, नऊ आडवे झाले, त्यातले पाच आतल्या बाजूला, थेट सुपारीवर. दुसऱ्या दिवशी उपटलेल्या बुंध्यापाशी जाऊन बघितलं तर मुळांची परात, आठ-नऊ फूट रुंद आणि खोली जेमतेम दीड फूट. आमच्याकडे वाळूखाली दोन फुटांवर कातळ लागतो, मुळं खाली जाणार कुठे? वाळू खोल असेल तिथे सुरूची मुळं खोल जातात, पण पहारीने खड्डा मारून बघितल्याशिवाय तुम्हाला ते कळणार नाही, तर आधी ते करा. पाणी तुंबणाऱ्या खाजणाच्या (खाडीलगतच्या खाऱ्या दलदलीच्या) कडेलाही सुरू नको, मूळ कुजतं. आणि एकदा बुंध्याशी तोडला की तो धड फुटत नाही.

त्याच बांधाच्या कोपऱ्यावर आजोबांच्या वेळची एक उंडी आहे. तिच्या दोन मोठ्या फांद्या गेल्या, पानं तर सगळी झडली, काळी पडली होती, आम्ही म्हटलं गेली. गणपतीला बघतो तर खोडावर जागोजागी लालसर कोंब.

उंडी जाड सालीची, जाड चकचकीत पानांची, हळू वाढणारी. पहिली तीन-चार वर्षं बघून कंटाळा येईल, वर्षाला हात-दीड हात वाढली तर खूप झालं. पण खारं पाणी उडून पानांवर बसलं तरी टोक करपत नाही, थोडंफार पाणी साचलं तरी तक्रार नाही, फुलं पांढरी, पिवळ्या केसरांची, वासाची, मधमाशी येते. पूर्वी होड्यांना हेच लाकूड, दिव्याला हेच तेल, आणि सांधे दुखले की चोळायलाही तेच. बियांतल्या गरात निम्म्याहून जास्त तेल असतं, आता त्याचं बायोडिझेलही करतात. आमच्याकडे दिवाळीनंतर गुरं मोकाट सुटतात, सुरूची रोपं खाऊन जातात, उंडीच्या चिकाला मात्र कुणी तोंड लावलं नाही. तो चीक डोळ्यात जाऊ देऊ नका एवढं बघा.

तोटेही ऐका. सावली दाट, खाली काही होत नाही, त्यामुळे कलमापासून २५ फूट तरी लांब ठेवा. घराजवळ असली तर पानं पन्हळीत अडकतात, आणि ती गोटीसारखी फळं पायरीवर पडली की रात्री पाय घसरतो, स्वानुभव आहे.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "उंडी लावून मी कधी बघणार रे वारा अडलेला?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून माझं म्हणणं, निवड करूच नका, दोन्ही एकाच दिवशी लावा. दर्याच्या बाजूला सुरूची एक रांग, दोन-दोन मीटरवर. तिच्या आत तीन मीटर सोडून उंडी, पाच-पाच मीटरवर. सुरू पुढे उभा राहून लहान उंडीला वाळूच्या माऱ्यापासून सांभाळतो, आणि आठ-दहा वर्षांनी उंडी अंगाने भरली की सुरू एकाआड एक काढत जायचा, वासे होतात, जळण होतं. तोपर्यंत सुरूचा शेंडा २५ फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही, दरवर्षी पावसाआधी मारायचा, आम्ही हे केलं नव्हतं म्हणून सुपारी गेली. तोडायच्या आधी परवानगी लागते का ते वनखात्यात विचारून घ्या. जागा एकाच रांगेपुरती असेल तर मात्र डोळे मिटून उंडी, आणि पहिली पाच वर्षं पुढे माडाच्या झापांची आड करा.

सुरूला दीड फुटाचा खड्डा, उंडीला दोन फुटांचा, कुजलेलं शेणखत आणि लाल माती, बस, रासायनिक काही नको. पिशवी फाडल्यावर मूळ तळाशी गोल गुंडाळलेलं असेल तर ते कापून टाका, अशी रोपं पुढे वाऱ्यात पहिली पडतात. काठी सैल बांधा, झाड थोडं हललं पाहिजे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, मी सुरूला चार दिवसांनी अर्धी बादली आणि उंडीला आठवड्याला एक बादली देतो, आळ्यात पातेरा (सुका पालापाचोळा) जाड टाकायचा. सुरूचा सुका पाला मात्र घराजवळ साठवू नका, मार्च-एप्रिलमध्ये ठिणगी पडली की भडकतो. सुरूच्या खोडावर भुशासारखी जाळी दिसली तर आत साल खाणारी अळी आहे समजा, जाळी खरवडून तारेने भोकातून काढायची.

आणि गडग्याबाहेर उघड्या पुळणीवर कुणी सुरू लावू नये. ती जागा आपली नाही, आणि वेळास-आंजर्ल्याला कासवं अंडी घालायला तिथेच येतात, मुळांनी आणि पाल्याने वाळू भरली की त्यांना खणता येत नाही.

उंडीची रोपं विकत घ्यायची गरज नाही. बी ताजंच पेरायचं, ठेवून खराब होतं. कवचासकट पेरलं तर उगवायला दोन महिने लागतात, दगडाने अलगद टिचकवलं तर सव्वा महिना, आणि कवच पूर्ण काढलं तर तीन आठवडे, फक्त आतला गर दुखावता कामा नये, कोयत्याची धार नको, मागची बाजू वापरा. बी शोधायला उंडीखालीच जायला पाहिजे असंही नाही. वटवाघळं रात्री फळ घेऊन दुसऱ्या झाडावर जाऊन वरचा गर खातात आणि साफ केलेली बी खाली टाकतात, आमच्याकडे ती सगळी आंब्याखाली सापडतात.