डेटा वाढला की आधी मोजा, मग सर्व्हर घ्या

मार्चअखेर आली की कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत (ओतकामाच्या कारखान्यांत) एकच ओरड असते: सॉफ्टवेअर रखडतंय. लगेच नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवलं जातं. थांबा. अडतंय कुठं ते आधी बघा.

दर महिन्याच्या 1 तारखेला तीन आकडे वहीत टिपा: डेटाबेस फाइलचा आकार, तिच्या लॉग फाइलचा (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी फाइल) आकार आणि ड्राइव्हवरची मोकळी जागा. छोट्या ईआरपीखाली (खरेदी, स्टॉक, बिलं असा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) बहुतेक वेळा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरची फुकटची एक्सप्रेस आवृत्ती असते. एसक्यूएल सर्व्हर 2022 पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे. समजा आज फाइल 6.4 जीबी आहे आणि महिन्याला 250 एमबी वाढते, तर सव्वा वर्षात ती मर्यादा गाठेल. त्या दिवशी नवीन नोंदी घेणं बंद होतं, आणि तो दिवस हमखास डिस्पॅचच्या घाईचा निघतो.

लॉग फाइल या मर्यादेत धरली जात नाही, पण ड्राइव्ह तीच भरते. रिकव्हरी मॉडेल (लॉग किती जपायचा ते ठरवणारी सेटिंग) ‘फुल’ असेल आणि लॉगचा वेगळा बॅकअप होत नसेल, तर ती फुगतच राहते. नियमित लॉग बॅकअप लावा. रात्रीचा एक पूर्ण बॅकअप पुरेसा असेल, म्हणजे दिवसभराच्या नोंदी पुन्हा घालायची तयारी असेल, तर मॉडेल ‘सिंपल’ करा. एक्सप्रेसमध्ये वेळापत्रक लावणारा एजंट नसतो, त्यामुळे बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवरून लावावा लागतो. व्हेंडर हे सांगायचं विसरतो आणि बॅकअप होतोय असं सगळे धरून चालतात.

आता वेगाचं. काम रखडलेलं असतानाच सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडा. डिस्क 100 टक्के आणि प्रोसेसर 20 टक्के दिसला, तर नवा प्रोसेसर घेऊन काही होणार नाही. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. दोन एसएसडी मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा एकदम लिहिला जातो) असतील तर उत्तम. फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक विखुरलेली वाचनं करते, साधी साटा एसएसडी हजारोंनी. सर्व्हर मोकळा दिसतोय आणि तरी काम हळू, असं असेल तर नेटवर्क तपासा. गिगाबिट (1000 एमबीपीएस) वेगाला केबलच्या चारही जोड्या लागतात. क्रिम्पिंगमध्ये (केबलच्या टोकाला कनेक्टर बसवताना) एक जोडी सुटली की जोडणी गुपचूप 100 एमबीपीएसवर येते आणि फाइल सेकंदाला 11-12 एमबीच्या वर सरकत नाही.

फाउंड्रीत सर्व्हर शॉप फ्लोअरजवळ ठेवू नका. लोखंडाची आणि ग्रॅफाइटची धूळ वीजवाहक असते. पंख्यातून आत गेली की मदरबोर्ड कधी जाईल सांगता येत नाही.

यानंतर भार कमी करा. टेस्ट सर्टिफिकेट, ड्रॉइंग, कास्टिंगचे फोटो डेटाबेसमध्येच साठवले असतील तर व्हेंडरकडून ते फोल्डरमध्ये काढून घ्या. डेटाबेसमध्ये फक्त पाथ (फाइल कुठं आहे तो पत्ता) राहू द्या. या फोल्डरचाही बॅकअप मात्र लावायला हवा. फाइल बाहेर काढल्यावर डेटाबेसचा आकार आपोआप घटत नाही, पण मोकळी झालेली जागा आतल्या आत पुन्हा वापरली जाते. म्हणून रोज ‘श्रिंक’ (फाइल आकसवायची आज्ञा) चालवायचा नाद करू नका, त्यानं इंडेक्स (नोंदी पटकन शोधायच्या याद्या) विस्कटतात.

टॅली वापरत असाल तर जुनी वर्षं वेगळी करता येतात: आधी बॅकअप, मग डेटाची पडताळणी, मग 1 एप्रिलच्या तारखेनं स्प्लिट, म्हणजे जुन्या आणि नव्या वर्षांच्या दोन वेगळ्या कंपन्या. दोन्ही कंपन्यांच्या ट्रायल बॅलन्सचा मेळ घाला. जुना डेटा पुसायचा नाही. जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने आणि कंपनी कायद्यानुसार आठ आर्थिक वर्षं हिशेब जपावे लागतात.

सीसीटीव्ही त्याच मशीनवर असेल तर आजच हलवा. 4 एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 जीबी लिहितो. असे 16 कॅमेरे 15 दिवस ठेवायचे तर 10 टीबीहून जास्त जागा लागते. ते काम एनव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं वेगळं यंत्र).

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं व्हाउचर दोन्ही डिस्कवरून एकदमच जातं. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक गावाबाहेर किंवा क्लाउडवर. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या शहरात तळमजल्यावरच्या कपाटातली प्रत धरायचीच नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. सखल भागात ऑफिस असेल तर 39 फुटांनाच मशीन वरच्या मजल्यावर न्या. क्लाउडची पहिली प्रत पावसाळ्याआधी चढवा, कारण 50 एमबीपीएस अपलोडवर 500 जीबीला जवळपास 22 तास लागतात. बाहेरची डिस्क बॅकअप झाला की काढून ठेवा, नाहीतर रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तीही लॉक करतं.

दर तिमाहीला एक बॅकअप वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि बॅकअपच्या दिवसापर्यंतच्या व्हाउचरची संख्या व शेवटचा बिल नंबर मूळ डेटाशी ताडून बघा.