सेगमेंट दोन सेकंदांचे, उशीर अर्ध्या मिनिटाचा

ओबीएस चालवता येतं, आरटीएमपी आणि एचएलएस म्हणजे काय ते माहीत आहे, असं धरून लिहितोय.

माझ्या पहिल्या मोठ्या लाइव्ह व्याख्यानात वक्ते प्रश्न विचारायचे आणि चॅटमध्ये उत्तरं पडायची ती ते पुढच्या मुद्द्यावर गेल्यावर. "ऐकताय ना कुणी?" त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं. ऐकत होते सगळे, पण अर्धा मिनिट मागे. मी सेगमेंट, म्हणजे व्हिडिओचे पाठवायचे तुकडे, २ सेकंदांचे ठेवले होते आणि चाचणीत उशीर जेमतेम आठ सेकंदांचा होता. आधी नेटला शिव्या घातल्या. ज्यांना गुरू मानायचो ते फोनवर म्हणाले, "बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) उतरव." तीनदा उतरवला. चित्र चिखल झालं, उशीर तसाच. (प्रत्येक दुखण्यावर बिटरेटची गोळी देणाऱ्या गुरूंपासून लांब राहा.)

शेवटी एम३यू८ फाइल, म्हणजे सेगमेंटची आणि त्यांच्या सेकंदांची यादी, साध्या एडिटरमध्ये उघडली. एका सेगमेंटपुढे १०.०००, दुसऱ्यापुढे १०.०००, खालपर्यंत तेच.

सेगमेंट कीफ्रेमवरच, म्हणजे आधीच्या फ्रेमवर न विसंबणाऱ्या पूर्ण चित्रावरच, कापला जातो. तुम्ही २ लिहा नाहीतर १, पुढची कीफ्रेम येईपर्यंत कात्री थांबूनच राहते. एफएफएमपेगमध्ये (सर्व्हरवर व्हिडिओ पुन्हा एन्कोड करणारं साधन) एक्स२६४ या एन्कोडरला काही सांगितलं नाही, तर दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर पडतं. सेकंदाला २५ फ्रेम म्हटल्या की झाले १० सेकंद. त्यात प्लेयर साधारण तीन सेगमेंट मागून सुरुवात करतो. घ्या, तीस!

मग चाचणीत हे का दिसलं नाही? कारण चाचणीला मी धडाधड कट असलेला व्हिडिओ लावला होता. दृश्य बदललं की एन्कोडर आपणहून कीफ्रेम टाकतो. व्याख्यानात मात्र एकच चेहरा, एकच भिंत, कॅमेरा खांबासारखा. बदलायला काही नाहीच, म्हणून पुरत्या २५० फ्रेम. जे दाखवायचंय त्याच्यावरच चाचणी घ्या, हात जोडून सांगतो.

उपाय दोन आकड्यांचा: जीओपी (दोन कीफ्रेममधलं अंतर, फ्रेममध्ये) ५० आणि सीनकट (दृश्य बदललं की आपणहून कीफ्रेम टाकणं) ०. फ्रेम ३० असतील तर जीओपी ६०. सीनकट बंद ठेवला की १०८०, ७२० आणि ४८०च्या कीफ्रेम एकाच जागी येतात आणि दर्जा बदलताना प्लेयर अडखळत नाही. सर्व्हरवर पुन्हा एन्कोड करत नसाल, तर ओबीएसमध्येच कीफ्रेम इंटरव्हल २ लिहा. तिथला ० म्हणजे 'तूच ठरव'. त्याच बिटरेटला चित्र किंचित उतरेल, चालतं.

बाकी गोष्टी सगळे सांगतातच: केबल लावा, अपलोड काठोकाठ वापरू नका. आवाज तुटला तर लोक निघून जातात, चित्र तुटलेलं सोसतात.

पहिल्या लाइव्हला घाम फुटतोच, त्यात कमीपणा नाही. पण कुणाची तरी लांबलचक कमांड डोळे झाकून डकवू नका. त्या व्याख्यानाची माझी एफएफएमपेगची कमांड अशीच आणलेली होती आणि तिच्यात जीओपीचा उल्लेखच नव्हता.