गावातून कामाला बाहेर जाणाऱ्यांची पाहणी कशी करावी

गावाची गरिबी समजून घ्यायची असेल, तर सातबाऱ्याच्या जोडीला कामासाठी गाव सोडणाऱ्यांचीही नोंद हवी. जनगणनेच्या आकड्यांवर विसंबू नये. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, आणि त्या दिवसांत बीड-जालन्याकडील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर असतात.

म्हणून पाहणी दोनदा करावी. पौष-माघात कुलूपबंद घरे मोजावीत आणि उघड्या घरांत मागे कोण राहिले आहे ते पाहावे. बहुधा म्हातारी माणसे, शाळेतली नातवंडे आणि एखादी शेळी. पेरणीपूर्वी माणसे परतली की मगच प्रश्न विचारावेत.

‘किती कमावता?’ हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याऐवजी निघताना पैसे कोणाचे होते, हे विचारावे, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम त्या जोडीला आगाऊ उचल देतो. समजा, उचल ८०,००० रुपयांची आणि हंगामात तोड झाली ६५,००० रुपयांची, तर उरलेले १५,००० पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढतात आणि त्या जोडीला पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. बांधकामावर ठेकेदार आठवड्याला खर्ची देतो आणि हिशेब काम संपल्यावर करतो; तिथे मजुराने स्वतः मांडलेली हजेरी आहे का ते पाहावे आणि असल्यास ती ठेकेदाराच्या वहीशी ताडून घ्यावी. स्वतःच्या पैशाने नोकरीला गेलेल्याची गोष्ट निराळी. कोकणातल्या कितीतरी घरांना चाकरमान्याच्या मनीऑर्डरने आधार दिला, मात्र १९८२ च्या गिरणी संपात तोच आधार तुटला, तेव्हा शहरातल्या कामाची शाश्वतीही नोंदवावी.

आलेला पैसा कुठे गेला (सावकार, बियाणे, लग्न की विहीर) आणि त्यापायी काय सुटले, हे एकाच पानावर लिहावे: जमीन बटाईला गेली का, जनावरे विकली का, मुलांची शाळा बुडाली का. रेशनचे धान्य कामाच्या गावी घेता येते. ते खरोखर घेतले का, हेही विचारावे.

नोंदी ग्रामसभेत मांडताना सावकार-मुकादमांची नावे वाचू नयेत. सभा शक्यतो १ मे ची निवडावी. २६ जानेवारीला ज्यांच्याविषयी बोलायचे, तेच गावात नसतात.